सवलतीच्या खिडकीतला प्रसेनजीत

कोल्हापूरच्या एसटी स्टँडावर सवलतीच्या पासांची एक खिडकी होती, आणि त्या खिडकीआड प्रसेनजीत कांबळे बसत असे. शाळा-कॉलेजच्या मुलांचे पास, म्हाताऱ्यांची अर्धी तिकिटं, अपंगांची कार्डं. ज्याला म्हणून भाड्यात सूट हवी त्याला या खिडकीपुढं यावंच लागे. येताना माणूस पास न्यायला येई आणि जाताना दाखला आणायला जाई.

एकदा गारगोटीकडचे एक आजोबा आले. तोंडात दात नाही, कमरेत पार वाकलेले, आधाराला नातू, आणि तो नातूही टक्कल पडलेला. प्रसेनजीतनं वयाचा दाखला मागितला. आजोबा म्हणाले, "लेका, माझ्याकडं बघ की."

"बघितलं, आजोबा," प्रसेनजीत म्हणाला. "आता दाखला बघतो."

आजोबांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो संपेपर्यंत प्रसेनजीतनं त्यांचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहून काढला, तहसील कचेरीत कुठल्या जिन्यानं चढायचं आणि कुठल्या टेबलापुढं उभं राहायचं याचा नकाशा मागच्या बाजूला काढून दिला आणि नातवाला सांगितलं की झेरॉक्स दोन काढा, एक हरवतीच. आठवड्याभरात आजोबा दाखला घेऊन आले आणि पास घेऊन गेले. खऱ्या गरजवंताचं काम त्यानं कधी अडवून ठेवलं नाही. पण गरज खरी आहे हे कागदानं सांगितल्याशिवाय त्याला पटत नसे.

याला एक कारण घडलं होतं. खिडकीत बसण्यापूर्वी तो नेसरीच्या गाडीवर कंडक्टर होता. तेव्हा कुबड्या घेतलेला एक माणूस रोज सवलतीच्या तिकिटावर यायचा. प्रसेनजीत त्याला हात धरून चढवायचा, पुढची सीट रिकामी करून द्यायचा. एके दिवशी वाटेत मधमाश्यांचं मोहोळ उठलं आणि निम्म्या माश्या गाडीत शिरल्या. सगळ्यांच्या आधी दारातून उडी टाकून उसातनं पसार झाला तो हा कुबडीवाला. कुबड्या सीटवरच राहिल्या. प्रसेनजीतनं त्या डेपोत जमा केल्या, रीतसर पावती घेतली, आणि त्या दिवसापासून दुनियेवरचा त्याचा विश्वास उडाला तो उडालाच.

त्याची आई शेवंताबाई म्हणायची की चूक त्याच्या बापाची आहे. गिरणीत कामाला असलेल्या आकाराम कांबळ्यांनी विहारातल्या पुस्तकात बुद्धांच्या काळातल्या प्रसेनजीत राजाची गोष्ट वाचली आणि मुलाला राजाचं नाव ठेवलं. राजाचं नाव ठेवल्यावर दरबार भरवायची खोड लागणारच. आकाराम लवकर गेले. मागं हा एक मुलगा, आणि नगरपालिकेच्या शाळेतली शेवंताबाईंची नोकरी.

शेवंताबाईंनी तेहतीस वर्षं मास्तरीण म्हणून काढली. सहल असो की प्रभातफेरी, त्या दर वळणावर पोरं मोजायच्या. पंचगंगेच्या घाटावर मोजायच्या, परत येताना मोजायच्या, शाळेच्या फाटकात मोजायच्या. तेहतीस वर्षांत एक पोर हरवलं नाही. एकदा एक जास्त भरलं होतं, ते घाटावरच्या हातगाडीवाल्याचं निघालं.

अशा बाईचा एकुलता एक मुलगा सव्विसाव्या वर्षी दोन्ही किडन्या घालवून बसला. ते साल नव्याण्णव. पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आईची किडनी जुळते, पण बाई, जोखीम समजून घ्या. ते समजावून सांगायला लागले तसं शेवंताबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं आणि एवढंच विचारलं, की शाळेला किती दिवसांची रजा टाकावी लागेल.

तेव्हापासून प्रसेनजीतच्या पोटात आईची किडनी होती, आणि सासरी दिलेल्या लेकीची करावी तशी तिची चौकशी शेवंताबाई रोज करत. प्रसेनजीत कामावरून आला की त्याला काही विचारायच्या आधी त्या विचारत, "काय म्हणतीया ती?" त्यानं पाणी कमी प्यायलं तर, "तिला तहान लागली आसंल." बाहेरचं तेलकट खाल्लं तर, "तिला सवय न्हाय बाबा असल्याची." सून निशाला सुरुवातीला हे ऐकून चमत्कारिक वाटायचं. पुढं तिचीही सवय अशी झाली की नवऱ्याशी भांडण झालं तरी ती म्हणायची, तुमच्याशी बोलत नाही मी, पण तिच्यासाठी पाण्याची बाटली भरून ठेवलीय.

ही पाहुणी शरीरानं हाकलून देऊ नये म्हणून प्रसेनजीतला रोज गोळ्या घ्याव्या लागत, जन्मभर. शेवंताबाई नात दीक्षाला ते असं समजावून सांगायच्या की आपल्या अंगात पहारेकरी असतात, अनोळखी कुणी दिसलं की "कोण पावणं?" म्हणून काठी उगारतात. तुझ्या पप्पांच्या पहारेकऱ्यांना आपण रोज गोळ्या चारून पेंगुळलेलं ठेवतो, म्हणजे माझ्या किडनीला ते काही करत नाहीत. दीक्षा हुशार. तिनं विचारलं, मग खरा चोर आला तर?

दहा वर्षं शेवंताबाई याच प्रश्नाला भिऊन होत्या, आणि दोन हजार नऊच्या ऑगस्टात चोर आलाच.

स्वाइन फ्लू पुण्याहून खाली सरकत होता. कोल्हापुरात मास्क संपले. लोक नाकाला रुमाल, टॉवेल, पंचा, जे हाताला येईल ते बांधून फिरू लागले. कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या खिशाखिशात गेल्या. मंडईत भाजीपेक्षा कापराचा वास जास्त यायला लागला. तांबडा रस्सा पिणाऱ्याला फ्लू होत नाही असंही एक संशोधन कट्ट्याकट्ट्यावर जाहीर झालं. शेवंताबाईंनी आपल्या पांढऱ्या सुती लुगड्याचे तीन पदरी मास्क शिवले आणि मुलाला विनवलं की महिनाभर रजा टाक. प्रसेनजीत म्हणाला की शाळा-कॉलेजांच्या पासांचे दिवस आहेत, असं कसं चालेल. दिवसाला दोनशे माणसं त्या खिडकीत तोंड घालत होती.

मंगळवारी तो दुपारीच घरी आला आणि डोकं दुखतंय म्हणून आडवा झाला. शेवंताबाईंनी त्याची पिशवी उघडली. पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच होती. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, सरळ थर्मामीटर आणला. एकशे दोन.

संध्याकाळी किडनीचे डॉक्टर स्वतः घरी येऊन बघून गेले. शेवंताबाईंनी त्यांच्या पुतण्याला पहिलीत शिकवलं होतं. घसा, खोकला, ताप बघून त्यांनी स्पष्टच सांगितलं. तपासणीचा निकाल यायची वाट बघू नका. ताप आल्यापासून दोन दिवसांच्या आत फ्लूची गोळी पोटात गेली पाहिजे, जेवढी लवकर तेवढी बरी. दुसऱ्या कुणाला चार दिवसांत बरं वाटेल, याला नाही वाटायचं. तो ताप छातीत उतरला तर किडनीसुद्धा जाईल, आणि किडनीवरच थांबेल असंही नाही. गोळ्या मात्र दुकानात मिळत नाहीत, सगळा साठा सरकारकडं आहे. उद्या सरकारी दवाखान्यात जा. मी चिठ्ठी देतो.

त्यांनी तिथंच, दीक्षाच्या वहीतला कागद फाडून चिठ्ठी लिहिली, खाली सही केली आणि गेले.

शेवंताबाईंनी हिशेब मांडला. ताप मंगळवारी दुपारी बारा-एकला आला असावा. म्हणजे गुरुवारी बारापर्यंत. त्यांनी दहा वर्षांच्या कागदांची फाईल पिशवीत घातली, ती भाजीच्या पिशवीएवढी जड झाली, आणि बुधवारी सकाळी आठलाच मुलाला रिक्षात घातलं. प्रसेनजीतनं खाकी गणवेश चढवला होता. दवाखाना आटोपला की तसाच ड्यूटीवर जाईन म्हणाला. अंगात ताप होता आणि तो बॅज पुसत होता.

सरकारी दवाखान्याच्या आवारात निम्मं कोल्हापूर लोटलं होतं. फ्लूसाठी एक टेबल बाहेर व्हरांड्यात मांडलेलं. त्यामागं सोमेश नावाचा अगदी कोवळा डॉक्टर, चष्म्यावर वाफ धरलेली, पुढं फॉर्मांचा गठ्ठा. टेबलापुढं रांग असावी अशी कल्पना होती, पण प्रत्यक्षात तिथं जत्रेतल्या पाळण्यापुढं असतो तसा घोळका होता. शेवंताबाईंनी मुलाला खांबाशेजारच्या बाकावर बसवलं, उठायचं नाही, बोलायचं नाही, अशी तंबी दिली आणि स्वतः घोळक्यात शिरल्या. तेहतीस वर्षं पोरांच्या गर्दीतून वाट काढलेली बाई. अर्ध्या तासात त्या टेबलापासून चौथ्या होत्या.

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. त्यांनी वळून बघितलं.

प्रसेनजीत बाकावरून उठला होता. त्याला ती गर्दी बघवेना. अंगात खाकी कपडे, छातीला बॅज, तोंडाला शुभ्र मास्क. लोकांना वाटलं, दवाखान्याचाच माणूस आला. त्यानं दोन्ही हात पसरून नुसतं "एका लायनीत" म्हटलं आणि घोळक्याची रांग झाली. कोवळ्या डॉक्टरानं चष्मा पुसून कृतज्ञतेनं तिकडं बघितलं.

मग तो एकेकाजवळ जाऊन चौकशी करू लागला. हुपरीहून चांदीच्या कामाचे एक कारखानदार अख्खं घर टेम्पोत घालून आले होते, अकरा माणसं. ताप कुणाला, असं विचारल्यावर दहा जणांनी अकराव्या बाईकडं बोट दाखवलं, आणि ती म्हणाली की मला ताप नव्हता, मी परवा शिंकले होते. गोळ्या घरात असलेल्या बऱ्या म्हणून आलो, असं कारखानदारांनी मोकळ्या मनानं सांगितलं. त्यांना परत टेम्पोत बसवण्यात आलं. त्यांच्यामागं बाळासो नावाचा एक दांडगा गडी होता. त्याच्या हातात नगरसेवकाची चिठ्ठी होती. ती त्यानं झेंड्यासारखी धरली होती.

प्रसेनजीतनं चिठ्ठी वाचली. "ताप तुमाला हाय?"

"न्हाय."

"मग नगरसेवकाला हाय?"

"त्येंला कशाला आसंल?"

"मग ही चिठ्ठी तापाची न्हवं, ओळखीची हाय. ओळखीवर गोळी लागू पडत न्हाय, पावणं. जावा घरला."

लोक हसले. बाळासो आधी फुगला आणि मग लोकांबरोबर हसून निघून गेला. रांगेत सगळ्यात मागं सहाव्या-सातव्या महिन्यातली एक गरोदर बाई तापानं लाल होऊन भिंतीला टेकली होती. तिला प्रसेनजीतनं हाताला धरून पहिल्या नंबरावर आणून बसवलं, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. सगळं इतकं चांगलं चाललं होतं की शेवंताबाईंनासुद्धा क्षणभर त्याचं कौतुक वाटलं. आता त्यांच्यापुढं एकच माणूस होता.

तेव्हा प्रसेनजीत त्यांच्यापाशी आला. मास्कवरच्या डोळ्यांत ओळख होती, पण माया नव्हती.

"आई, पेशंट कुटं हाय?"

शेवंताबाईंना वाटलं, तापात बडबडतोय. "तूच की रं पेशंट."

"मग पेशंट लायनीत न्हाय. दुसऱ्याच्या नावानं जागा धरता येत न्हाय. मगाशी चौघांना मी याच मुद्द्यावर मागं धाडलंय."

ते चौघं खरंच मागं उभे होते आणि कान टवकारून ऐकत होते. शेवंताबाई म्हणाल्या, मी तुझी आई आहे. रांगेतून कुणीतरी म्हणालं, आमालाबी आई हाय की. पुढं काही बोलण्यात अर्थ नव्हता. पोटच्या पोरानं त्यांना दुसऱ्या नंबरावरून काढलं आणि आपल्यासकट सगळ्यांच्या मागं नेऊन उभं केलं. शेवंताबाईंनी पुढची माणसं मोजली. सत्तेचाळीस.

रांग सरकत होती, पण साडेअकरापर्यंत प्रसेनजीतचे पाय लटपटायला लागले. तरी भिंतीला टेकून तो पुढच्याला फॉर्म कसा भरायचा ते सांगत होता. शेवंताबाई त्याच्या कपाळाला हात लावायच्या आणि स्वतःशीच तास मोजायच्या. टेबल एकला बंद होणार होतं. एकला वीस मिनिटं कमी असताना त्यांचा नंबर आला.

सोमेश डॉक्टरानं खाकी कपडे बघून हसून स्वागत केलं. म्हणाला, तुम्ही होता म्हणून सकाळ निभावली, आता बोला, कुणाचं काम आहे? माझंच, असं प्रसेनजीत म्हणाल्यावर त्याचं हसू गेलं. त्यानं ताप मोजला, छाती ऐकली, चिठ्ठी वाचली. किडनीचा शब्द वाचल्यावर तर तो खुर्चीतून अर्धा उठलाच. क्रिएटिनीन किती असतं, असं त्यानं विचारलं. म्हणजे किडनी किती नीट चालते ते सांगणारा आकडा. प्रसेनजीतच्या आधी शेवंताबाईंनी सांगितलं, एक पॉइंट दोन, गेल्या महिन्यातला. डॉक्टरानं मागं वळून खोक्यातून गोळ्यांची पट्टी काढली. दहा गोळ्या. शेवंताबाईंनी हात पुढं केला.

"साहेब," प्रसेनजीत म्हणाला, "त्या चिठ्ठीवर शिक्का न्हाय."

कोवळा डॉक्टर थबकला. "काय म्हणालात?"

"नुसती सही हाय. वहीच्या कागदावर हाय. रजिस्ट्रेशन नंबर न्हाय, शिक्का न्हाय. असली चिठ्ठी मी माझ्या खिडकीत घेतली नसती."

शेवंताबाईंनी त्याच्या पाठीत एक जोराचा चिमटा काढला. त्याचा काही उपयोग झाला नाही. डॉक्टरानं कागद उलटसुलट केला. आतापर्यंत ज्या माणसाच्या शब्दावर त्यानं अख्खी सकाळ काढली होती, तोच माणूस सांगत होता म्हणजे शिक्का लागत असणार. त्यानं पट्टी परत खोक्यात ठेवली आणि जरा घाबरूनच म्हणाला की वरिष्ठांना विचारावं लागेल, ते मीटिंगला गेलेत, उद्या अकराला या.

शेवंताबाईंनी मुलाच्या दंडाला धरलं आणि त्याला खांबाआड नेलं. त्यांना रडू येत होतं आणि त्याला मारावंसंही वाटत होतं. छत्तीस वर्षांच्या, एकशे तीन ताप असलेल्या माणसाला मारता येत नाही म्हणून त्यांनी फक्त विचारलं, की तुला मरायचं आहे का?

प्रसेनजीत खांबाला टेकून खाली बसला. मास्क ओला झाला होता.

"आई, एकदा लई मोठी सवलत घेतलीया मी," तो म्हणाला. "दहा वर्षं झाली. तेव्हा कुणी दाखला मागितला न्हाय, काय न्हाय. सरळ तुझ्या पोटातनं काढून मला दिली. आता परत लोकांच्या फुडं जाऊन, मी अशक्त, मला आधी द्या, असं म्हणायला जीभ रेटत न्हाय बघ."

दहा वर्षं शेवंताबाई रोज किडनीची चौकशी करत होत्या. ती चौकशी ऐकणाऱ्याला काय वाटत असेल, याची चौकशी करायची राहून गेली होती. मायेनं जवळ घ्यावं असा तो क्षण होता. पण टेबल बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती.

"दुसऱ्याची वस्तू घेतलीस न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग नीट सांभाळ की. लाजून मोडायला दिली न्हाय मी."

आणि त्या उठल्या. रांगेत उरलेल्या सहा जणांना त्यांनी एका हातानं बाजूला केलं. सगळे सरकले, त्यांचा चेहराच तसा झाला होता. टेबलावर फाईल आदळली. फॉर्मांचा गठ्ठा उडाला.

"डॉक्टर, त्या माणसाला गोळी देऊ नका," त्या म्हणाल्या. तेहतीस वर्षांत कमावलेला आवाज होता, तो आवाराच्या फाटकापर्यंत पोचला. "त्येचं त्यो बघून घेईल, नियमात बसून जगंल न्हाय तर मरंल. पण त्येच्या पोटात माझी किडनी हाय. मी वापरायला दिलीया, मालकी सोडलेली न्हाय. मला माझ्या किडनीसाठी औषध पायजे."

सोमेशनं पुस्तकात असा प्रसंग वाचला नव्हता. तो कसाबसा म्हणाला, "आजी, पण शिक्का..."

"शिक्का पायजे?"

शेवंताबाईंनी पदर बाजूला केला. बरगडीखालून पाठीपासून पोटापर्यंत गेलेला वीतभर लांब व्रण भर व्हरांड्यात सगळ्यांना दिसला. "ह्यो घ्या. ह्यापेक्षा मोठा शिक्का कुठल्या कचेरीत मिळतोय ते सांगा, आणते."

मागचं दार उघडलं आणि मीटिंगवरून परतलेल्या, फ्लूच्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. दानेश्वरी मगदूम त्यांचं नाव, कर्नाटकच्या सीमेकडच्या, ठेंगण्या, झोप न झालेल्या. त्यांनी आधी शेवंताबाईंचा पदर सारखा केला. मग चिठ्ठी वाचली, फाईलची चार पानं उलटली, खांबाशी बसलेल्या खाकी माणसाला हाक मारली.

"यव्वा, केवढा आरडाओरडा," त्या म्हणाल्या. "शिक्का कुणी मागितला?"

सोमेशनं प्रसेनजीतकडं बोट दाखवलं. प्रसेनजीतनं प्रामाणिकपणे हात वर केला.

दानेश्वरीबाईंनी आयुष्यात पुष्कळ पेशंट बघितले होते. गोळीसाठी खोटं बोलणारे बघितले होते, पाया पडणारे, धमकी देणारे बघितले होते. स्वतःविरुद्ध तक्रार घेऊन आलेला हा पहिलाच. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, काही समजावून सांगितलं नाही, टेबलाच्या खणातून सरकारी परिपत्रक काढलं आणि त्याच्या हातात दिलं. म्हणाल्या, वाचा.

प्रसेनजीत उभ्या उभ्या वाचू लागला. तापानं अक्षरं हलत होती, पण सवय दांडगी. आधी जावक क्रमांक बघितला, मग तारीख, मग खालची सही आणि गोल शिक्का. त्यानंतर मजकूर. पेशंटांचे तीन गट पाडले होते. साधा ताप असेल त्यांनी घरी राहावं. ज्यांना दम लागतो त्यांना भरती करावं. आणि मधल्या गटात लिहिलं होतं, गरोदर बाया, म्हातारी माणसं, किडनीचे, हृदयाचे रोगी, आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे. यांना सगळ्यांच्या आधी, तपासणीची वाट न बघता गोळ्या सुरू कराव्यात. त्यानं ते वाक्य बोट ठेवून दोनदा वाचलं.

"यात शिक्क्याचं काही न्हाय," तो म्हणाला.

"नाही."

"आणि आधी द्याव्यात, असं..."

"असं लिहिलंय. सवलत नाही ती. तुमचा नंबरच तिथं आहे. त्या गरोदर बाईला तुम्ही पुढं आणून बसवलंत न्हवं? तिनंच आत सांगितलं. तिच्याच शेजारची खुर्ची तुमची. सकाळीच बसायला पाहिजे होतं."

प्रसेनजीतनं परिपत्रकाची घडी घातली. मग खालच्या आवाजात विचारलं, याची एक झेरॉक्स मिळेल काय, आमच्या ऑफिसात दोघांना दाखवायची आहे. दानेश्वरीबाईंनी गोळ्यांची पट्टी त्याच्या हातात न देता शेवंताबाईंच्या हातात दिली, रोज दोन, पाच दिवस, असं त्यांनाच सांगितलं आणि फॉर्मवर सही करून आत निघून गेल्या. शेवंताबाईंनी तिथल्या तिथं पाणी पाजलं, गोळी गिळायला लावली, आणि पहिलीतल्या पोराला करतात तसं तोंड उघडायला सांगून जीभ वर करायला लावली. एक वाजायला दोन मिनिटं होती.

त्या दिवशी तो ड्यूटीवर गेला नाही. पुढचे तीन दिवस वाईट गेले. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. शेवंताबाई उशाशी बसून असायच्या आणि काहीही विचारायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. किडनी काय म्हणतीया, हे शब्द ओठांवर येत आणि त्या गिळून टाकत. शनिवारी दुपारी मात्र त्यानंच डोळे उघडून सांगितलं, "आई, तिला तहान लागलीया." निशा पाण्याची बाटली घेऊन धावली. शेवंताबाई तोंड धुण्याच्या निमित्तानं मोरीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

रविवारी ताप पूर्ण निघाला. तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना, कारण ताप गेला म्हणजे सगळं गेलं असं नव्हे. किडनीला धक्का बसला असेल तर तो रक्तात दिसणार होता. सोमवारी दोघं प्रयोगशाळेत गेले. सकाळी रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट न्यायला बोलावलं. खिडकीपुढं दहा-पंधरा माणसं होती. प्रसेनजीत रांगेतून रिपोर्ट घेऊन आला. शेवंताबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. विचारायचं धाडस होईना.

"एक पॉइंट तीन," तो म्हणाला.

त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. त्यानं पुन्हा सांगितलं. एक पॉइंट दोनचं एक पॉइंट तीन, म्हणजे काहीच नाही, पहिल्या सत्रात चौसष्ट आणि दुसऱ्यात त्रेसष्ट मार्क पडावेत तसं. शेवंताबाईंनी गुडघ्यावर हात ठेवले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकली.

प्रसेनजीत अजून कागद वाचत होता. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"आई, वय सदतीस घातलंया. छत्तीस पायजे."

निशा असती तर म्हणाली असती, राहू दे की, चला घरी. शेवंताबाईसुद्धा एरवी तेच म्हणाल्या असत्या. त्यांनी त्याच्याकडं बघितलं. गाल बसलेले, शर्ट ढगळ झालेला, आणि डोळ्यांत ती सगळ्या स्टँडाला ठाऊक असलेली चमक.

"मग बदलून घे जा," त्या म्हणाल्या. "माझी काय घाई न्हाय."

तो वळला आणि रांगेत सगळ्यात मागं जाऊन उभा राहिला. पुढं एक माणूस दुसऱ्याच्या नावानं जागा धरून उभा होता. प्रसेनजीतनं त्याच्या खांद्याला हात लावला. शेवंताबाईंनी पायरीवर मांडी घातली, पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू काढला आणि निवांत खायला लागल्या.